अडखळणाऱ्यांची संगत

घरीं पाहुणे आले म्हणजे लहान मुलाला विचारावयाचा पहिला प्रश्न ठरलेलाच असतो : "बाळ, तुझें नांव काय ?" बहुतेक मुलें लाजतात, आईच्या पदराआड जातात आणि थोड्या आर्जवानंतर नांव सांगून मोकळीं होतात. परंतु कांहीं घरांत हा प्रश्न निघाला कीं सर्वांचाच श्वास क्षणभर अडतो. मुलाचे ओठ जुळतात, गळ्याच्या शिरा ताणतात, डोळे मिटतात. नांव ओठांपर्यंत आलेलें दिसतें, पण बाहेर पडत नाहीं. मग आईच घाईघाईनें तें सांगून टाकते, पाहुणे "असें होय !" म्हणून दुसरा विषय काढतात आणि मूल आंतल्या खोलींत निघून जातें. त्या दिवशीं तें जें शिकतें तें कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत नसतें. आपलें नांव दुसऱ्यानें सांगितलेलेंच सर्वांना अधिक सोयीचें वाटतें, हा तो धडा.

मराठींत या व्यंगाला शब्द पुष्कळ आहेत, आणि त्यांचा घोटाळाहि तितकाच आहे. बोबडा निराळा आणि तोतरा निराळा. बोबड्याच्या तोंडीं 'र' चा 'ल' होतो, कारण तो वर्णच त्याच्या जिभेला साधलेला नसतो. तोतऱ्याला सर्व वर्ण साधलेले असतात. खोलींत एकटा असतांना तो तेच वाक्य स्वच्छ म्हणतो. त्याचा शब्द अडतो तो माणसांपुढें. कधीं पहिलें अक्षर पुन्हां पुन्हां येतें, कधीं तें लांबत जातें, तर कधीं आवाजच बंद पडतो. हा भेद ज्यांना ठाऊक नाहीं ते त्याच्या जिभेला वेखंड लावतात, जिभेखालची तार कापून आणण्याचा सल्ला देतात, किंवा तोंडांत गोटी धरून बोलावयास सांगतात. गोटीचा उपाय तर फारच जुना आहे. ग्रीक वक्ता डेमॉस्थेनीस तोंडांत खडे धरून भाषणाचा सराव करीत असे, असें प्लुटार्कनें लिहून ठेवलें आहे. बर्लिनचा नामांकित शस्त्रवैद्य डीफेनबाख यानें १८४१ मध्यें याहि पलीकडे मजल मारली. जिभेच्या मुळाशीं पाचरीच्या आकाराचा तुकडा कापून काढला कीं तोतरेपणा जाईल, असें त्याला वाटलें, आणि त्यानें तसें केलेंहि. शस्त्रक्रियेपूर्वीं ईथरनें भूल देण्याची विद्या त्या वेळीं रूढ झाली नव्हती, एवढें लक्षांत घेतलें म्हणजे त्या रोग्यांनीं काय भोगलें असेल याची कल्पना येते. थोड्याच काळांत ही शस्त्रक्रिया सोडून द्यावी लागली.

दोष जिभेंत नाहीं याची साक्ष कोणत्याहि शाळेंत मिळते. हजेरीच्या वेळीं 'हजर' हा एवढासा शब्द ज्याच्या तोंडून निघत नाहीं, तोच मुलगा साऱ्या वर्गाबरोबर पाढे म्हणतांना कोठेंहि अडत नाहीं. संध्याकाळीं घरांत परवचा चालला असतां त्याचा आवाज इतरांच्या आवाजांत मिसळून स्वच्छ वाहतो. गातांना तो अडखळत नाहीं; मांजराशीं किंवा पाळण्यांतल्या भावंडाशीं बोलतांना फारच थोडा अडखळतो. जीभ तीच, शब्द तेच. बदललेला असतो तो समोरचा माणूस.

हा दोष बहुधा दोन ते पांच वर्षांच्या वयांत दिसूं लागतो. शंभरांतील सुमारें पांच मुलें कधीं ना कधीं त्यांतून जातात आणि त्यांपैकीं बहुतेकांचा तो पुढें आपोआप नाहींसा होतो. प्रौढ माणसांत तो शेंकडा एकाच्या आसपास उरतो. प्रौढांत एका तोतऱ्या स्त्रीमागें सुमारें चार पुरुष असतात. भारताच्या लोकसंख्येला हें प्रमाण लावलें तर येथील तोतऱ्यांची संख्या एक कोटीच्या वर जाते. तो कांहीं कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या दिसतो. २०१० मध्यें अमेरिकन संशोधकांनीं पाकिस्तानांतील कुटुंबांचा अभ्यास करून त्याच्याशीं निगडित असे तीन जनुक दाखवून दिले. मेंदूच्या प्रतिमा घेऊन पाहतां, वाणीशीं संबंध असलेल्या डाव्या बाजूच्या जोडतंतूंत तोतऱ्यांमध्यें थोडा फरक आढळतो. तेव्हां लहानपणीं कोणाची नक्कल केली म्हणून, कुत्रें अंगावर आलें म्हणून, किंवा आईनें हयगय केली म्हणून हा दोष जडतो या समजुतीला आतां आधार उरलेला नाहीं. अनेक आयांनीं जन्मभर हा ठपका विनाकारण वाहिला आहे.

पण शब्द अडणें हा या दुःखाचा लहान भाग होय. मोठा भाग आहे तो लपविण्याचा. दादरचें तिकीट काढावयास रांगेंत उभा असलेला मनुष्य घ्या. 'द' वर जीभ अडणार हें त्याला चार माणसें आधींच कळून चुकतें. पाळी आल्यावर तो माटुंग्याचें तिकीट मागतो आणि उरलेलें अंतर पायीं चालतो. खाणावळींत जें हवें तें न मागतां जें उच्चारतां येईल तें मागतो. वर्गांत उत्तर पाठ असतांना "ठाऊक नाहीं" म्हणून खालीं बसतो, आणि गुरुजींच्या पत्रकांत मंद ठरतो. अडणाऱ्या शब्दाच्या जागीं दुसरा शब्द बसविण्याची त्याची हातोटी एवढी विलक्षण असते कीं, प्रतिशब्दांचा असा सराव एखाद्या कोशकारालाहि नसेल. दुर्दैव एवढेंच, कीं स्वतःच्या नांवाला प्रतिशब्द नाहीं. म्हणून बहुतेक तोतऱ्यांना सर्वांत कठीण शब्द कोणता म्हणाल, तर आपलें नांव. आणि सर्वांत भयंकर वस्तु कोणती, तर टेलिफोन, कारण तेथें चेहरा दिसत नाहीं आणि नांव सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं. कॅलिफोर्नियांतील मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहन हा स्वतः तोतरा होता. त्यानें या दोषाला हिमनगाची उपमा दिली आहे : पाण्यावर दिसतें तें अडखळणें, पाण्याखालीं भीति, लाज आणि अपराधाची भावना.

या दुःखांत पडलेला सर्वांत प्रसिद्ध मनुष्य म्हणजे इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज. २०१० सालच्या एका चित्रपटामुळें त्यांची हकीकत घरोघर माहीत झाली आहे. यॉर्कचे ड्यूक असतांना ३१ ऑक्टोबर १९२५ रोजीं वेम्बलीच्या साम्राज्य-प्रदर्शनांत त्यांना समारोपाचें भाषण करावें लागलें. तें नभोवाणीवरून दूरवर गेलें, आणि त्यांतील प्रत्येक अडखळहि दूरवर गेली. पुढच्या वर्षीं ऑक्टोबरांत ते लायोनेल लोग याच्याकडे जाऊं लागले. लोग हा ऑस्ट्रेलियाहून आलेला, वैद्यकाची कोणतीहि पदवी नसलेला वाणीशिक्षक. महायुद्ध सुरू झालें त्या दिवशीं, ३ सप्टेंबर १९३९ रोजीं, राजांनीं साऱ्या साम्राज्याला उद्देशून भाषण केलें, तेव्हां ध्वनिक्षेपकाच्या त्या लहानशा खोलींत लोग उपस्थित होता. कोट्यवधि श्रोत्यांपुढें बोलणाऱ्याला समोर एक स्नेहाचा चेहरा लागला. राजा म्हणून तो त्यांना मिळाला. इतरांना तो कोठून मिळावा?

त्याच १९३९ सालीं अमेरिकेंतील आयोवा राज्यांत एक प्रयोग चालला होता. आयोवाचें विश्वविद्यालय त्या काळीं या विषयाचें मोठें पीठ होतें. तोतरेपणा हा मेंदूच्या दोन भागांतील स्पर्धेमुळें होतो अशी तेथील एक उपपत्ति होती आणि तींतून निघालेल्या उपायांत तोतऱ्यांचे उजवे हात प्लास्टरांत घालून त्यांना डावखुरे बनविणें हाहि एक होता. वेंडेल जॉन्सन या तरुण विद्वानानें हा उपाय स्वतःवर करून घेतला होता; तो स्वतः तोतरा होता आणि १९३० मध्यें त्यानें आपल्या तोतरेपणावर एक पुस्तकहि लिहिलें होतें. पुढें त्याचें मत असें झालें कीं, मुलाच्या स्वाभाविक चांचरण्याला आईबाप 'तोतरेपणा' हें नांव देतात, आणि त्या नांवानेंच तो पक्का होतो. याची परीक्षा पाहण्यासाठीं त्याच्या देखरेखीखालीं एका विद्यार्थिनीनें डॅव्हनपोर्टच्या अनाथगृहांतील २२ मुलें निवडलीं. त्यांतील सहा मुलें चांगलीं बोलणारीं असतांहि, तुमच्या बोलण्यांत तोतरेपणाचीं चिन्हें दिसत आहेत, अडखळण्यापेक्षां न बोललेलें बरें, असें त्यांच्या मनावर कित्येक महिने ठसविण्यांत आलें. तीं मुलें खरोखर तोतरीं झालीं असें पुढील परीक्षणांत सिद्ध झालें नाहीं. तीं गप्प मात्र झालीं. विचारल्यावांचून बोलेनात, वर्गांत उत्तर देईनात. प्रबंध ग्रंथालयांत पडून राहिला. २००१ मध्यें वृत्तपत्रांतून ही गोष्ट फुटली तेव्हां विश्वविद्यालयानें क्षमा मागितली, आणि २००७ मध्यें आयोवा राज्यानें या प्रकरणांतील दाव्यांपोटीं नऊ लक्ष पंचवीस हजार डॉलर देण्याचें मान्य केलें. ज्यांना आईबाप नव्हते अशाच मुलांवर, आईबापांच्या बोलण्याचा काय परिणाम होतो हें पाहण्यासाठीं, हा प्रयोग करावा, यांतील क्रौर्य वेगळें सांगावयास नको. आणि करणारा स्वतः त्याच दुःखांतून गेलेला !

जॉन्सनचा सहाध्यायी चार्ल्स व्हॅन रायपर हाहि तोतरा. तारुण्यांत त्याचें बोलणें इतकें बिघडलेलें होतें कीं, एका शेतावर मजुरी करतांना त्यानें बहिऱ्या-मुक्याचें सोंग घेतलें होतें. त्यानेंच पुढें सांगितलेली एक हकीकत आहे. असाच एकदां तो निराश होऊन रस्त्यानें घरीं परतत असतां एका वृद्धानें त्याला आपल्या मोटारींत घेतलें. म्हाताऱ्यानें नांव विचारलें, आणि रायपरची नेहमींची धडपड सुरू झाली. मान वळली, तोंड वेडेंवांकडें झालें. म्हातारा मोठ्यानें हंसला. रायपर संतापला. तेव्हां तो म्हातारा हळूहळू, अडखळतच, पण कसलीहि धडपड न करतां सांगूं लागला, कीं आपणहि जन्माचे तोतरे. मात्र आतां वय झाल्यामुळें शब्दांशीं झुंजण्याची ताकद राहिली नाहीं, म्हणून ते जसे येतील तसे येऊं देतों. रायपरनें आजवर न अडखळतां बोलण्याची खटपट केली होती. कांहीं न लपवितां, सहज, थोडें अडखळत बोलतां येतें, हें त्यानें त्या दिवशीं प्रथमच पाहिलें. पुढें तो या विषयांतील अग्रगण्य शिक्षक झाला; मिशिगनमधील कॅलमाझू येथें त्यानें शेंकडों तोतऱ्यांना शिकविलें, आणि त्याची सारी पद्धत या एका भेटीवर उभी आहे म्हटल्यास वावगें होणार नाहीं. भीतीचा शब्द टाळावयाचा नाहीं. उलट मुद्दाम घ्यावयाचा, मुद्दाम अडखळावयाचें, आणि त्या अडखळींतली झुंज कमी करीत जावयाचें. १९९४ मध्यें तो वारला. शेवटपर्यंत तो थोडासा तोतरा होताच.

या हकीकतींत औषध कोणतें, वैद्य कोण ? रस्त्यावर भेटलेला दुसरा एक तोतरा. एवढी साधी गोष्ट जगाला उमजावयास इतका काळ कां लागला, याला मात्र कारण आहे. तोतरा मनुष्य दुसऱ्या तोतऱ्याला टाळतो. त्याच्यांत त्याला आपलेंच प्रतिबिंब दिसतें, आणि तें पाहण्याचें धैर्य त्याला नसतें. शिवाय दोन अनोळखी तोतरे समोरासमोर आले म्हणजे दुसरा आपली नक्कल करीत आहे अशीच प्रत्येकाची समजूत होण्याचा संभव असतो. रंगभूमीवर आणि चित्रपटांत तोतरें पात्र हशा मिळविण्यासाठींच आणावयाचें असा जो पायंडा पडला, त्यानें या समजुतीला भरच घातली. अशा नाटकाला हंसणाऱ्या प्रेक्षकांत शंभरामागें एकजण न हंसणारा असतो, हें नाटककारांच्या ध्यानांत आलेलें दिसत नाहीं.

तरी शेवटीं हे लोक एकत्र आले. अमेरिकेंत माल्कम फ्रेझर या व्यापाऱ्यानें, जो स्वतः तोतरा होता, १९४७ मध्यें मेम्फिस येथें एक संस्था काढून अल्प किंमतीच्या पुस्तिका छापण्यास आरंभ केला. जपानांत १९६० नंतरच्या दशकांत तोतऱ्यांनीं आपली संघटना उभारली. कॅलिफोर्नियांत १९७७ मध्यें दोन तोतऱ्या तरुणांनीं एक मंडळ स्थापिलें. पुढें तें साऱ्या देशाचें झालें. दुसऱ्याच वर्षीं ब्रिटनमध्यें तसेंच मंडळ निघालें. १९८६ मध्यें क्योतो येथें निरनिराळ्या देशांतील तोतऱ्यांची पहिली जागतिक परिषद भरली, १९९५ मध्यें त्यांचा आंतरराष्ट्रीय संघ झाला, आणि १९९८ पासून २२ ऑक्टोबर हा दिवस जगभर या विषयासाठीं पाळला जातो. तोतऱ्यांची परिषद ही कल्पना ऐकून ज्यांना हंसूं येईल त्यांनीं एवढेंच पाहावें, कीं त्या सभागृहांत वक्त्याला कोणीहि घाई करीत नाहीं. उत्तम वक्त्यांच्या सभांनाहि हें भाग्य क्वचितच लाभतें.

या मंडळांनीं आणखी एक काम केलें, त्याचें मोल सभांपेक्षां कमी नाहीं. त्यांनीं आपलीं वार्तापत्रें काढलीं. अमेरिकन मंडळाच्या पत्राचें नांव 'लेटिंग गो', म्हणजे 'सोडून देणें'. ब्रिटिश मंडळाच्या नियतकालिकाचें नांव होतें 'स्पीकिंग आउट', म्हणजे 'उघडपणें बोलणें'. ज्याच्या गांवांत दुसरा तोतरा नाहीं, किंवा असूनहि ज्याला तो ठाऊक नाहीं, त्याला या चार पानांतून संगत मिळते. कारण लेखणी अडखळत नाहीं. नोकरीची मुलाखत कशी झाली, लग्नांत वचनें म्हणतांना काय झालें, टेलिफोन उचलण्यास कितवा दिवस लागला, अशा प्रकारचा मजकूर जो तोतरा वाचतो, त्याला प्रथमच कळतें कीं, आपण ज्या युक्त्या आपल्याच म्हणून लपविल्या त्या दूरदेशींचा कोणी अनोळखी मनुष्यहि करीत होता. आजारी माणसाला आपल्या आजाराचें नांव कळलें म्हणजे जो धीर येतो, तसाच हा धीर असतो.

भारतांत अशी संस्था २००८ मध्यें स्थापन झाली. तिचा आरंभ डेहराडून येथें झाला, आणि तिच्या प्रेरणेनें पुण्यामुंबईसह अनेक शहरांत स्वावलंबनाचीं लहान मंडळें चालूं झालीं. येथें कोणी गुरु नसतो. आठ-दहा माणसें एखाद्या बागेंत किंवा कोणाच्या घरीं जमतात. विद्यार्थी, कारकून, इंजिनियर, दुकानदार. कोणी वाचून दाखवितो, कोणी मुद्दाम अडखळून बोलतो, कोणी सर्वांच्या देखत टेलिफोन करून आगगाडीची वेळ विचारतो. मग दोघे-तिघे मिळून रस्त्यावर जातात आणि अनोळखी माणसाला पत्ता विचारतात. पत्ता ठाऊक असतो, विचारण्याचा सराव करावयाचा असतो.

या मंडळांवर आक्षेपहि आहेत, आणि ते सगळेच टाकाऊ नाहींत. वाणीचिकित्सक म्हणतात कीं, आंधळ्यानें आंधळ्याला वाट दाखवावी तसें हें होईल. शिकलेल्या माणसाची जागा सहानुभूति घेऊं शकत नाहीं. लहान मुलांच्या बाबतींत हें अगदीं खरें आहे. मूल तीन-चार वर्षांचें असतां अडखळूं लागलें आणि कांहीं महिन्यांत सुधारलें नाहीं, तर त्याला तज्ज्ञाकडेच न्यावें. त्या वयांत उपाय पुष्कळदां पूर्ण यशस्वी होतो. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ पासून आणि मुंबईंत वांद्रे येथील अली यावर जंग संस्था १९८३ पासून या क्षेत्रांत काम करीत आहेत. दुसरा आक्षेप असा कीं, आपल्यासारख्यांतच रमण्याची संवय लागली म्हणजे बाहेरच्या जगाशीं गांठ घालण्याचें राहूनच जातें. हाहि धोका आहे. शिवाय मंडळांतहि दोन पक्ष आहेत. एकाला दोष घालवावयाचा असतो, दुसऱ्याला तो मान्य करून पुढें जावयाचें असतें, आणि त्यांचें कडाक्याचें भांडण होतें. परंतु सात दिवसांत तोतरेपणा बंद करण्याच्या जाहिराती देणारे जे लोक आहेत त्यांच्यापेक्षां हे भांडखोर बरे. अशा खाजगी शाळा शंभर वर्षांपूर्वीं अमेरिकेंत गल्लोगल्लीं होत्या. तेथें हात हलवून तालावर बोलावयास शिकवीत. शाळेंत असेपर्यंत बोलणें सुरळीत चाले, घरीं परतल्यावर थोड्याच दिवसांत पूर्वस्थिति येई, आणि गेलेल्या पैशाबरोबर उरलीसुरली आशाहि जाई. मंडळांत पैसे पडत नाहींत, आणि बरें करण्याचें वचनहि कोणी देत नाहीं.

ज्यांच्या घरांत तोतरें मूल किंवा माणूस आहे त्यांना येथें विशेष कांहीं करावयाचें नाहीं, कांहीं गोष्टी न करावयाच्या आहेत. त्याचें वाक्य पुरें करूं नये. "सावकाश बोल", "श्वास घे", "घाबरूं नकोस" असें म्हणूं नये. हें सर्व त्याला ठाऊक असतें, आणि तसें म्हटल्यानें तो आपल्या बोलण्याकडे अधिकच लक्ष देऊं लागतो. नजर दुसरीकडे वळवूं नये. स्वतः थोडें सावकाश बोलावें. पाहुण्यांपुढें त्याचें नांव आपण सांगूं नये, आणि त्याचा तोतरेपणा हा घरांत न उच्चारावयाचा विषयहि करूं नये. त्याच्याशीं त्याविषयीं एकदां मोकळेपणानें बोललें म्हणजे त्याचें अर्धें ओझें उतरतें. अनेक घरांत मुलगा पंचवीस वर्षांचा होतो, परंतु वडिलांनीं त्या गोष्टीचा एकदांहि उल्लेख केलेला नसतो. वडील त्याला दया समजतात. मुलगा त्याला लाज समजतो.

मंडळाच्या बैठकीला पहिल्या दिवशीं येणारा मनुष्य बहुधा दाराशींच घुटमळतो. कोणी तरी त्याला बसावयास जागा देतो. रिवाज असा कीं, प्रत्येकानें आधीं आपलें नांव सांगावयाचें. पाळी फिरत फिरत त्याच्यापाशीं येते. त्याचे ओठ जुळतात, शिरा ताणतात, आणि पहिलें अक्षर येऊं लागतें. कधीं अर्धा मिनिट लागतो, कधीं त्याहून अधिक. सभोंवारचीं माणसें त्याच्याकडे पाहत राहतात, कोणी तें नांव त्याच्यासाठीं पुरें करीत नाहीं. मग नांव पुरें होतें, आणि शेजाऱ्याची पाळी येते.